उजवीकडची दाढ आणि डावीकडची मोकळी जागा

बाई ५४ वर्षांच्या, शिक्षिका. खुर्चीत नीट टेकण्याआधीच त्यांनी निर्णय सांगून टाकला. "डॉक्टर, ही दाढ काढूनच टाका. फार झालं हिचं." बोट उजव्या गालावर.

तक्रार अशी की हिरडीवर एक पुळी यायची, दोन-चार दिवसांत फुटायची, तोंडात खारट चव यायची आणि मग महिनाभर सगळं शांत. आठ महिने हेच चाललं होतं. ठणका म्हणावा असा नव्हता. चावताना एखादा घास ठरावीक जागी आला की मात्र कळ जायची. तक्रार खालच्या जबड्यातल्या पहिल्या मोठ्या दाढेची होती. ही दाढ सहाव्या-सातव्या वर्षी येते. ती येताना दुधाचा दात पडत नाही, शेवटच्या दुधाच्या दाढेमागे ती गुपचूप उगवते. त्यामुळे घरच्यांना तीही दुधाचीच वाटते आणि कीड लागली तरी 'पडायचीच आहे' म्हणून सोडून दिली जाते. पक्क्या दातांत ही सर्वांत आधी येणाऱ्यांपैकी, आणि बऱ्याचदा सर्वांत आधी जाणारीही.

या दाढेचं ६ वर्षांपूर्वी रूट कॅनाल झालं होतं. वर कॅप बसवायला सांगितलं होतं. दुखणं थांबलं आणि कॅप राहून गेली. यात मी बाईंना दोष देत नाही. दुखणं गेलं की उपचार संपला असं कुणालाही वाटेल. पण कीड आणि उपचारासाठी पाडलेलं छिद्र मिळून दाढेचा मधला भाग गेलेला असतो. उरतात त्या चार भिंती, आणि चावताना प्रत्येक घास त्या भिंती बाहेर फाकवू पाहतो. कॅपचं काम त्यांना बाहेरून आवळून धरण्याचं. दाढेचं रूट कॅनाल कॅपशिवाय अर्धवटच, असं मी रुग्णांना पहिल्याच भेटीत सांगते.

मग मी डावी बाजू पाहिली. तिथे तीच दाढ नव्हती.

"ती होय? ती वीस वर्षांपूर्वी काढली. तिचा काहीच त्रास नाही."

त्या जागेची रुंदी एकेकाळी ११ मि.मी.च्या आसपास असणार. आता जेमतेम ६ उरली होती. मागची दाढ पुढे कलंडून रिकाम्या जागेत झुकली होती. वरची दाढ, जिला खालून अडवणारं कुणी उरलं नव्हतं, ती ३ मि.मी. खाली उतरून आली होती. कललेल्या दाढेपुढे, हिरडीलगत एक खोल कोनाडा तयार झाला होता, त्यात ब्रश पोचत नव्हता.

"चावता कोणत्या बाजूनं?"

"उजव्याच. सवयच झालीय."

म्हणजे वीस वर्षं सगळा भार उजवीकडे, आणि त्यातली शेवटची सहा वर्षं आतून पोखरलेल्या, बिनकॅपच्या दाढेवर. डावीकडच्या रिकाम्या जागेनं उजवीकडची दाढ नेली, हे मला सिद्ध करता येणार नाही. पण मला तसंच वाटतं, आणि पुढचे सगळे निर्णय मी ते धरूनच घेतले.

वाचवता येईल का?

'काढा' म्हणणाऱ्या रुग्णाची दाढ लगेच काढणं सगळ्यांत सोपं. पण पुळी येते म्हणून दाढ गेलीच असं नसतं. जुनं रूट कॅनाल उघडून पुन्हा करता येतं, मुळाच्या टोकाशी छोटी शस्त्रक्रिया करता येते, आणि त्यातल्या बऱ्याच दाढा पुढे वर्षानुवर्षं टिकतात. रुग्णानं विचारावा असा पहिला प्रश्न हाच: ही वाचत का नाही, ते मला दाखवा.

मी हिरडी आणि दाढ यांच्यामधली खोली मोजली. भोवताली सगळीकडे ३ मि.मी. होती, निरोगी हिरडीत असते तेवढीच. बाहेरच्या बाजूला मात्र एकाच अरुंद जागी मोजपट्टी सरळ ९ मि.मी. आत गेली. हिरडीच्या आजारात खोली पसरट वाढते. अशी एकाच रेषेत खोल उतरणारी फट दिसली की मूळ उभं चिरल्याचा संशय घ्यावा लागतो. एक्सरेत पुढच्या मुळाच्या टोकाला वेढून एका कडेनं वर चढत गेलेली काळी सावली होती. जुनी सिमेंटची भर काढली, आत रंग लावला, भिंगाखाली पाहिलं. केसाएवढी रेघ मुळात खाली उतरत गेलेली. आरसा धरून बाईंनाही ती दाखवली.

उभ्या चिरलेल्या मुळावर भरवशाचा इलाज नाही. चिरेत जंतू राहतात आणि शेजारचं हाड खात जातात. दाढ काढायलाच हवी होती. बाईंचा अंदाज बरोबर निघाला, कारण मात्र त्यांना वाटत होतं ते नव्हतं.

औषधांची यादी तीनदा विचारावी लागली

"कोणती औषधं चालू आहेत?" रक्तदाबाची एक. आणखी? काही नाही. मी प्रश्न बदलला: रोज न घेता आठवड्यातून, महिन्यातून किंवा वर्षातून एकदा घ्यायचं असं काही, गोळी किंवा इंजेक्शन?

"हां, ती हाडांची. रविवारी सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर पाण्याबरोबर. घेतल्यावर अर्धा तास आडवं पडायचं नाही."

हे ॲलेन्ड्रोनेट. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिलं जाणारं बिस्फॉस्फोनेट गटातलं औषध. ते हाडाची झीज रोखतं, पण त्याबरोबर हाडाची स्वतःला मोडून नव्यानं घडवण्याची गतीही मंदावते. जबड्याचं हाड तर या मोडघडीवरच बरं होतं. २००३ पासून वैद्यकीय साहित्यात अशा रुग्णांची नोंद होऊ लागली की दात काढल्यावर त्यांची जखम भरलीच नाही आणि हाड आठवडेच्या आठवडे उघडं राहिलं. कर्करोगासाठी या गटाची औषधं शिरेतून मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांत हा धोका खरा आणि लक्षणीय असतो. ठिसूळ हाडांसाठी गोळ्या घेणाऱ्यांत तो फार कमी असतो, दहा हजारांत पाचाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. बाई अडीच वर्षं गोळी घेत होत्या, स्टेरॉइड नव्हतं, मधुमेह नव्हता. त्यांच्या फिजिशियनशी बोलून गोळी चालूच ठेवली. धोका लहान आहे हे सांगितलं, आणि तो शून्य नाही हेही.

लोक हे औषध सांगत नाहीत ते लपवायचं म्हणून नव्हे. हाडाच्या गोळीचा दाताशी काय संबंध, असं वाटतं म्हणून. दाताच्या डॉक्टरला सगळं सांगा: हाडांची इंजेक्शनं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हृदयाची बदललेली झडप, मधुमेह, गर्भारपण. आणि रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनानं दोन दिवस आधी बंद करून येऊ नका. बहुतेक वेळा ती बंद करावीच लागत नाही. जास्तीत जास्त रक्ताची एक तपासणी करून घ्यावी लागते. खड्ड्यातलं रक्त कापसाचा बोळा दाबून थांबवता येतं. मेंदूत गेलेल्या गुठळीवर बोळा चालत नाही.

सोबत आलेले पती एवढ्यात म्हणाले, "खालची आहे म्हणून बरं. वरची असती तर नजरेची भीती." ती भीतीही निराधार. दातांची संवेदना नेणारी नस वेगळी आणि दृष्टीची वेगळी. वरची दाढ काढल्यानं नजर अधू होत नाही.

काढण्याआधीच ठरवलेलं

इथे मी बाईंना थांबवलं. काढल्यावर त्या जागी काय, हे आज बोलू या. त्यांना ते नंतरचं वाटत होतं. डावीकडेही नंतरचंच वाटलं होतं.

दाताभोवतीचं जबड्याचं हाड दातासाठीच असतं. दात गेला की त्याचं प्रयोजन संपतं आणि ते विरायला लागतं. पहिल्या वर्षभरात त्या हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते, आणि त्यातली दोन-तृतीयांश घट पहिल्या ३ महिन्यांतच होते. गालाकडची भिंत सगळ्यांत पातळ, म्हणून तीच आधी जाते. पुढे इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचा स्क्रू आणि त्यावरची कॅप, बसवायचा तर हे हाड लागणार. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर आधारलेली जोडकॅप, करायचा तर खाली हिरडी खचलेली नको. म्हणजे दाढ कशी काढायची, हेसुद्धा पुढे काय बसवायचं यावर अवलंबून.

काही ठिकाणी दात काढून त्याच बैठकीत इम्प्लांट बसवतात. बाईंच्या बाबतीत ते नको होतं: पू होता आणि गालाकडची भिंत चिरेलगत आधीच खाल्ली गेली होती. खड्ड्यात हाडाची पूड भरून वर पातळ पडदा लावण्याचाही मार्ग असतो. त्यानं झीज कमी होते, थांबत नाही. पू असताना ती पूड टिकेल का, याबद्दल डॉक्टरांत दोन मतं आहेत. मी आधी जागा स्वच्छ करून भरू द्यायचं ठरवलं. हाडाची भर लागलीच तर ती इम्प्लांटबरोबर.

काढण्याचा दिवस

याबद्दल रुग्णांना सगळ्यांत जास्त भीती असते आणि सांगण्यासारखं सगळ्यांत कमी. भूल दिली, ओठ आणि जीभ अर्धी बधिर झाल्याची खात्री केली. भुलीनं दुखणं जातं, दाब जाणवतोच. कुरकुर आवाज येतो, जबडा ढकलल्यासारखा वाटतो. ते आधी सांगून ठेवलं की रुग्ण दचकत नाही. दाढ मधोमध कापून दोन्ही मुळं वेगवेगळी काढली. पूर्ण दाढ हलवून उपटली असती तर गालाकडची उरलीसुरली भिंत तिच्याबरोबर गेली असती. खड्डा खरवडून धुतला, दोन टाके घातले. पस्तीस मिनिटं लागली.

सूचना लिहून दिल्या आणि तोंडीही सांगितल्या. गॉझ पाऊण तास घट्ट दाबून धरायचा, पुन्हा पुन्हा काढून पाहायचा नाही. २४ तास चूळ नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉ नाही. लाळ गिळायची, तिच्यात लाली दिसेल, ती बहुतेक लाळच असते. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्यानं हलक्या गुळण्या. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, मग उतरते. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, आणि पहिले दोन दिवस जोडीला आयबुप्रोफेन. मूत्रपिंडाचा आजार, जठरात व्रण किंवा रक्त पातळ करणारं औषध असेल तर आयबुप्रोफेन नको. बाईंना यातलं काही नव्हतं.

तिसरा दिवस

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. आवाज वेगळाच. "काल बरं होतं. रात्रीपासून कानापर्यंत ठणकतंय, गोळीनं ऐकत नाही. तोंडाला वास येतोय."

सूज नव्हती, ताप नव्हता. खड्ड्यात गडद रक्ताची गुठळी असायला हवी होती, तिथे करडं, उघडं हाड. ड्राय सॉकेट. साध्या दात-काढणीत शंभरात २ ते ५ जणांना हे होतं. खालच्या अक्कलदाढेत प्रमाण बरंच जास्त. धूम्रपान करणाऱ्यांत जास्त दिसतं, पण बाई धूम्रपान करत नव्हत्या. मग त्यांनी सांगितलं: पहिल्या रात्री रक्ताची चव सहन होईना, म्हणून बेसिनपाशी उभं राहून चार-पाच वेळा खळखळून चुळा भरल्या. कारण तेच असं मी छातीठोक सांगणार नाही. खालच्या दाढेत ते तसंही होऊ शकतं. तरी 'थुंकू नका' ही सूचना देताना तेव्हापासून मी कारणही सांगते. ती गुठळी म्हणजे जखमेवरचं झाकण. तिच्यातूनच पुढे नवं हाड तयार होतं. चूळ भरताना आपण तीच उपसून काढतो.

यावर अँटिबायोटिक लागत नाही. खड्डा सलाइननं धुतला, आत औषधी पट्टी ठेवली. अर्ध्या तासात ठणका निम्म्यावर आला. दोन दिवसांनी पट्टी बदलली, आठवड्याभरात दुखणं गेलं.

माझी काळजी मात्र तिथून सुरू झाली. उघडं हाड, आणि रविवारची ती गोळी. हाड आठ आठवड्यांनंतरही उघडंच राहिलं तर निदान बदललं असतं आणि गोष्ट वेगळ्या वळणाला गेली असती. दर आठवड्याला मी जखम पाहत होते. तिसऱ्या आठवड्यात कडेनं गुलाबी हिरडी चढताना दिसली, सहाव्यात खड्डा पूर्ण झाकला गेला. बाईंना दर आठवड्याला यायचा कंटाळा आला होता. मला नव्हता.

काय बसवायचं

पर्याय तीन, आणि चौथा काहीच न बसवण्याचा.

काढ-घाल करायची एका दाताची कवळी बाईंनी स्वतःच सुचवली, कारण तिला कापाकापी नाही. पूर्ण किंवा बऱ्याच दातांसाठी कवळी उत्तम काम करते. एकाच दाढेसाठी, एकाच बाजूची, एवढीशी कवळी मी देत नाही: ती सुटली तर गिळली जाऊ शकते, श्वासनलिकेतही जाऊ शकते.

ब्रिज म्हणजे रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात तासायचे आणि तिन्हींवर मिळून जोडकॅप बसवायची. दोन-तीन आठवड्यांत काम संपतं, शस्त्रक्रिया नाही. शेजारच्या दातांना तशीही कॅप लागणार असेल तर मी ब्रिजच सुचवते. बाईंची मागची दाढ मोठ्या भरणीची होती, तिला कॅप चालली असती. पुढचा दात मात्र अगदी कोरा होता. कीड नाही, भरण नाही. चोपन्न वर्षं निरोगी राहिलेला दात तासायला माझा हात धजेना. तासलेल्या दातांपैकी काहींना पुढे रूट कॅनाल लागतं, आणि एका खांबाला काही झालं की तिन्ही दातांचा ब्रिज जातो.

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर कॅप. स्वीडनमधले पेर-इंगव्हार ब्रोनेमार्क १९५० च्या दशकात सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. प्रयोग संपल्यावर आत बसवलेलं टायटॅनियमचं नळकांडं निघेना. हाड त्याला चिकटून बसलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे इम्प्लांट बसवले. आज दहा वर्षांनी शंभरातले साधारण ९५ इम्प्लांट जागेवर असतात, ब्रिजचा आकडा ९० च्या आसपास. फरक फार मोठा नाही, आणि 'इम्प्लांट म्हणजे कायमचा दात' ही जाहिरातीची भाषा आहे. त्याला कीड लागत नाही हे खरं. पण त्याभोवतीच्या हिरडीला आजार होतो, हाड झिजतं, आणि दाताला असते तशी दाब ओळखणारी गादी नसल्यानं ते लवकर कळतही नाही. धूम्रपान करणाऱ्यांत इम्प्लांट अपयशी होण्याचं प्रमाण साधारण दुप्पट असतं.

बाईंनी दोन आठवडे विचार केला आणि इम्प्लांट निवडला. हाडाच्या गोळीमुळे त्यांच्या बाबतीत थोडी जास्त अनिश्चितता आहे, हे त्यांना पुन्हा सांगून सही घेतली. ठिसूळ हाडांसाठी गोळी चालू असताना इम्प्लांट करू नये असं नाही. सांगितल्याशिवाय करू नये, असं आहे.

चौदा आठवड्यांनी स्कॅन केला. हाडाची रुंदी ७ मि.मी., खालच्या नसेपर्यंत उंची १४. ती नस ओठाची संवेदना नेते. इम्प्लांट आणि तिच्यात किमान २ मि.मी. अंतर ठेवावं लागतं. १० मि.मी. लांबीचा इम्प्लांट बसला, ४ मि.मी. शिल्लक. गालाकडे हाड कमी पडलं तिथे थोडी पूड भरली. मग चार महिने नुसतं थांबणं. या काळात रुग्णांना वाटतं की काही चाललेलं नाही, पण हाड स्क्रूला धरतं ते याच काळात. त्यानंतर कॅप.

आणि डावीकडे?

इम्प्लांटची कॅप बसल्यावर बाईंनी विचारलं, "आता डावीकडेही असंच करू या?"

मी नको म्हटलं. त्यांना आश्चर्य वाटलं. मीच तर त्या जागेला दोष देत आले होते. पण ६ मि.मी.च्या फटीत पूर्ण दाढ मावत नाही. ती जागा परत मिळवायची तर कललेली दाढ तारा लावून उभी करायची, उतरलेली वरची दाढ परत वर ढकलायची किंवा तासायची, आणि मग इम्प्लांट. वर्ष-दीड वर्षाचं काम, आणि त्यात दोन चांगल्या दाढांना धोका. वीस वर्षांपूर्वी, जागा शिल्लक असताना, हे बरंच सोपं झालं असतं. शिवाय प्रत्येक गेलेला दात भरून काढलाच पाहिजे असंही नाही. जपानमध्ये १९८९ पासून चाललेल्या मोहिमेचं उद्दिष्टच ऐंशीव्या वर्षी स्वतःचे वीस दात राखण्याचं आहे, अठ्ठावीस नव्हे. बाईंच्या कललेल्या दाढेची वरच्या दाताशी गाठ पडत होती, चावता येत होतं. त्यांनी तिकडून चावणं सोडलं होतं, इतकंच.

म्हणून डावीकडे फक्त तो कोनाडा साफ केला, दातांच्या फटीत घालायचा छोटा ब्रश दिला, आणि आरशासमोर तो कसा फिरवायचा हे दोन भेटींत शिकवलं. दोन्ही बाजूंनी चावायला सांगितलं.

वर्षानंतरची तपासणी: इम्प्लांटभोवती खोली ३ मि.मी., मोजताना रक्त नाही. डावीकडच्या कोनाड्याची खोली ६ वरून ४ वर आली. उतरलेली वरची दाढ जिथे होती तिथेच, ३ मि.मी. पुढची तारीख सहा महिन्यांनंतरची दिली आहे. तेव्हा दोन्ही बाजू पुन्हा मोजायच्या.